अर्पणपत्रिकांतील जमाखर्च

लंडनच्या उत्तर भागात प्रिमरोझ हिल नावाची एक लहानशी टेकडी आहे. तिच्या जवळच किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे एक घर आहे. १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते, असे सांगणारी निळी पाटी त्याच्या दर्शनी भिंतीवर आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर सुमारे ३० लाख पौंडांना विकत घेतले आणि तेथे स्मारक उभारले. ज्या विद्यार्थ्याच्या स्मरणार्थ ही रक्कम मोजली गेली, त्याला मिळालेली पहिली परदेशी शिष्यवृत्ती दरमहा ११ पौंड १० शिलिंगांची होती आणि या घराच्या परिसरात तो राहावयास आला तेव्हा तीही संपलेली होती.

या दोन आकड्यांतील अंतर पाहून मन हेलावते हे खरे. परंतु हेलावलेले मन बहुधा हिशेब करीत नाही. परदेशी जाऊन शिकलेल्या आपल्या थोर पुरुषांच्या चरित्रांत उपासमारीचे एक प्रकरण ठरलेले असते. कोरडा पाव, थंडगार खोली, रात्रीचे जागरण आणि अखेरीस पदवी, असा त्याचा क्रम. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावे आणि मुलांनी आदर्श घ्यावा, एवढ्यासाठी ते लिहिलेले असते. या कथनपद्धतीचा दोष असा, की तिच्यात दारिद्र्य हाच विद्येचा हेतू होऊन बसतो आणि ते दारिद्र्य कोणामुळे आले, कोणी वाटून घेतले आणि त्याची परतफेड कोणी केली, हे प्रश्न विचारावयाचे राहून जातात. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच निवर्तल्या, हे ज्याला आठवते, त्याने तरी परक्या शहरातील हालांना तपश्चर्या म्हणताना थोडे थांबावयास हवे.

प्रस्तुत लेखात आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचा विचार भुकेच्या अंगाने न करता जमाखर्चाच्या अंगाने करावयाचा आहे. कोणी किती दिले, कोणत्या अटीवर दिले आणि त्यातून काय विकत घेता आले, हे पाहिले असता त्या भुकेचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो.

तत्पूर्वी दोन वेगळ्या वह्या चाळून पाहणे उपयुक्त ठरेल. पहिली मोहनदास गांधी यांची. १८८८ ते १८९१ या काळात ते बॅरिस्टरीसाठी लंडनमध्ये होते आणि आत्मकथेत त्यांनी त्या दिवसांतील खर्चाचा जो वृत्तान्त दिला आहे, तो या विषयावरील भारतीय वाङ्मयातील बहुधा सर्वांत प्रामाणिक मजकूर असावा. आरंभी बाँड स्ट्रीटवर शिवलेल्या संध्याकाळच्या पोशाखावर १० पौंड, व्हायोलिनवर ३ पौंड, नृत्याच्या शिकवणीवर ३ पौंड असा खर्च झाला. पुढे जाग आली तेव्हा त्यांनी बसचे भाडे आणि टपालाची तिकिटे यांचाही हिशेब लिहिण्यास सुरुवात केली. रोज आठ-दहा मैल पायी चालून वाहनखर्च वाचवला. दोन खोल्यांऐवजी आठवड्याला ८ शिलिंगांची एकच खोली घेतली आणि ओटची लापशी व कोको स्वतः शिजवून जेवणखर्च दिवसाला सव्वा शिलिंगावर आणला. या काटकसरीत साधनेचा आनंद आहे, कारण ती स्वेच्छेची आहे. मागे राजकोटला थोरला भाऊ पैसे पाठविण्यास उभा होता. त्या भावावर भार पडू नये, ही त्यामागील प्रेरणा होती.

दुसरी वही जयप्रकाश नारायण यांची. १९२२ ते १९२९ ही सात वर्षे ते अमेरिकेत होते. घरून फारसे पाठबळ नव्हते. कॅलिफोर्नियातील मळ्यांत द्राक्षे वेचून व सुकवून त्यांनी पहिली फी उभी केली, पुढे हॉटेलात बशा धुतल्या, मिळेल ते काम केले. बर्कलेच्या विद्यापीठाने फी दुप्पट केली तेव्हा त्यांना तेथून उठून आयोवाला जावे लागले. त्यांनी एकामागून एक विद्यापीठे बदलली, त्यांतील हा पहिला मुक्काम तरी ज्ञानाच्या ओढीने नव्हे, तर फीच्या आकड्याने हलवलेला आहे. तथापि विद्यार्थ्याने अंगमेहनत करण्यात अमेरिकेत कमीपणा नव्हता आणि श्रम विकून विद्या घेण्याची वाट त्यांना खुली होती. त्या श्रमांची किंमत त्यांनी वर्षांत मोजली.

आंबेडकरांची वही या दोन्हींहून भिन्न आहे. त्यांच्यामागे पैसे पाठविणारा भाऊ नव्हता. वडील रामजी सकपाळ २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले होते आणि कुटुंबाचा भार उलट त्यांच्यावरच होता. हाती होता तो एक करार. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना बी.ए.साठी दरमहा २५ रुपये दिलेच होते. आता कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावा आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, या त्यातील मुख्य अटी. या देणगीची थोरवी निःसंशय आहे. पण ती देणगी आहे तशीच ती उचलही आहे. बावीस वर्षांच्या तरुणाने आपल्या आयुष्याची पुढील दहा वर्षे तारण ठेवून तीन वर्षे मिळवली होती.

त्या काळी रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये होता. त्या हिशेबाने ही शिष्यवृत्ती दरमहा १७२ रुपये ५० पैसे, तीन वर्षांची मिळून ४१४ पौंड होते. परळच्या चाळीतून पाहिले तर ही रक्कम डोळे दिपविणारी होती. न्यूयॉर्कमध्ये तिचे सुमारे ५६ डॉलर होत आणि त्यांतून राहणे, जेवण, कपडे व पुस्तके भागवून घरीही काही धाडावे लागे, असे चरित्रकार सांगतात. एकाच रकमेची ही दोन मोजमापे परदेशी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. घरच्यांना वाटते, याला एवढे मिळते. त्याला कळत असते, यात एवढेच येते.

न्यूयॉर्कमध्ये आंबेडकरांनी या पैशाने काय घेतले, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक, असे ६० अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाली, मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींच्या उगमावरील निबंध वाचला गेला, त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपावरील प्रबंध पुरा झाला. दिवसाला अठरा तास अभ्यास, ही त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. तिच्यातील निश्चयाचे कौतुक करावे, पण तिच्यातील अर्थशास्त्रही पाहावे. ज्याची मुदत तीन वर्षांनी संपणार आहे आणि जिला वाढ मिळेलच असे नाही, त्याच्या लेखी पैसा हे वेळेचेच दुसरे नाव असते. जेवणाचे पैसे वाचवून त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे धनंजय कीर यांनी लिहिले आहे. ग्रंथालय न्यूयॉर्कमध्येच राहणार होते, पुस्तके मात्र बरोबर नेता येणार होती. मुदत संपल्यावरही अभ्यास चालू राहावा, यासाठीची ती बेगमी होती.

१९१६ मध्ये ते लंडनला आले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे नाव घातले. परंतु वर्षभरातच शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना अर्धवट अभ्यास टाकून परतावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, एवढेच काय ते हाती राहिले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके युद्धातील पाणतीराने समुद्रात बुडाली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून बडोद्याला जाण्याची सोय झाली, असे कीर नमूद करतात. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेली बेगमी अशा रीतीने कराराची अट पाळण्याच्या प्रवासखर्चात जमा झाली.

आणि येथेच या जमाखर्चातील सर्वांत महत्त्वाची नोंद येते. ती लंडनची नाही, न्यूयॉर्कचीही नाही. ती बडोद्याची आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आंबेडकरांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर मात्र प्रश्न पडला, की जावयाचे कोठे? हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देण्याच्या बोलीवर त्यांना जागा मिळाली. जेमतेम अकरा दिवस गेले, तोच लाठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात आला आणि जागा सोडावी लागली. हिंदू मित्राने व ख्रिस्ती मित्रानेही आपापल्या अडचणी सांगितल्या. संस्थानाच्या नोकरीतील, कोलंबियात प्रबंध लिहून आलेला हा अधिकारी एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

दिवसाला दीड रुपया! ही रक्कम त्यांच्यापाशी होती. जगातील दोन अत्यंत महागड्या शहरांत ज्याने स्वतःच्या पैशाने खोली घेतली होती, त्याला बडोद्यात पैसे देऊनही खोली मिळाली नाही. परदेशी शहराच्या महागाईविषयी आपण जे बोलतो, ते या प्रसंगाच्या उजेडात पुन्हा तपासावयास हवे. न्यूयॉर्कमधील वसतिगृहात त्यांचा सोबती नवल भथेना नावाचा पारशी तरुण होता. बडोद्यात हाकलून देणारा घोळकाही पारशांचाच. तेव्हा हा माणसांच्या जन्मजात भलेबुरेपणाचा प्रश्न नव्हता. एका ठिकाणी खोलीला किंमत होती. दुसऱ्या ठिकाणी तिला किंमतच नव्हती, होती ती केवळ बंदी. किंमत कितीही चढी असली तरी ती उसनवारी करून, पोट मारून, वाट पाहून एक दिवस चुकती करता येते. बंदी चुकती करता येत नाही. महागाई ही क्रूर असेल, पण ती जात विचारीत नाही, एवढा तिचा उपकार. लंडनचे हाल सोसूनही आंबेडकर पुन्हा तेथेच जाण्यासाठी का धडपडले, याचे उत्तर केवळ ज्ञानलालसेत शोधणे अपुरे आहे.

या धडपडीचा दुसरा अध्याय नोव्हेंबर १९१८ पासून सुरू होतो. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपये पगारावर त्यांना अर्थशास्त्राचे अध्यापक नेमण्यात आले. मार्च १९२० पर्यंत त्यांनी ही नोकरी केली आणि परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार ठेवून शिल्लक टाकली. नवल भथेना यांनी ५ हजार रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मदत केली. जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. या वेळी कोणताही करार नव्हता, कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती.

आता लंडन बदललेले होते. महायुद्धाने किमती कोठल्याकोठे नेल्या होत्या. १९१४ च्या जुलैतील निर्वाहखर्च १०० धरला तर नोव्हेंबर १९२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मोजणीप्रमाणे तो २७६ वर पोहोचला होता. त्यात रुपयाची दशा आणखी विलक्षण. १९२० च्या आरंभी रुपया चढत जाऊन २ शिलिंगांच्याही पुष्कळ वर गेला होता. सरकारने तो २ शिलिंगांवर बांधून ठेवण्याचा आटापिटा केला, तो फसला आणि सप्टेंबर १९२० मध्ये सोडून द्यावा लागला. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली आला. याचा विद्यार्थ्याच्या लेखी अर्थ काय होतो? २ शिलिंगांच्या भावाने ५ हजार रुपयांचे ५०० पौंड होतात; १ शिलिंग ४ पेन्सांच्या भावाने ३३३. कर्ज तेच, परतफेड तीच. पण लंडनमधील सुमारे एक तृतीयांश मुदत मध्येच नाहीशी होते. हिंदुस्थानातून येणाऱ्या पैशावर त्या वेळी लंडनमध्ये जगणाऱ्या प्रत्येकाच्या ताटातील घास या भावाने मोजला जात होता.

अशा काळात आंबेडकरांनी प्रबंधाला विषय घेतला तो रुपयाचाच! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ डिसेंबर १९२३ मध्ये लंडनला पी. एस. किंग यांनी प्रसिद्ध केला आणि कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. तो शास्त्रीय ग्रंथ आहे. त्यात लेखकाच्या खोलीचे भाडे किंवा जेवण यांचा उल्लेख असण्याचे कारण नाही. परंतु चलनाचा विचार करताना परकीय विनिमयदर सांभाळण्यापेक्षा देशातील किमती स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे आहे, हा जो त्यातील आग्रह आहे, तो केवळ पुस्तकी नव्हे. रुपयाच्या खरेदीशक्तीत चढउतार झाला की त्याची झळ बांधलेल्या मिळकतीच्या माणसाला आधी लागते, हे लेखकाला वाचून कळले होते तसे जगूनही कळले होते.

या काळातील दिनक्रम कीर आणि चांगदेव खैरमोडे या दोन्ही चरित्रकारांनी वर्णिला आहे. सकाळी पावाचा तुकडा व चहा, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडते तेव्हापासून बंद होईतो वाचन, संध्याकाळी बोव्हरिल म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पेय आणि रात्री उशिरा भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खाणे. मराठी वाचकाला हे पापड पाठ आहेत. या वर्णनात मला भुकेपेक्षा वेळापत्रक अधिक दिसते. दुपारच्या जेवणासाठी बाहेर पडणे म्हणजे पैसे आणि तास दोन्ही खर्चणे. ग्रंथालयाचे दिवे, खुर्ची व ऊब फुकट होती. तेव्हा तेथे जाईल तेवढा वेळ नफ्याचा. जून १९२१ मध्ये एम.एस्सी., जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि त्या पाठोपाठ डी.एस्सी.चा प्रबंध, हा वेग भुकेने आणलेला नाही. तो शिल्लक संपण्याच्या तारखेने आणलेला आहे.

ती तारीख अखेर आलीच. डी.एस्सी.चा प्रबंध पहिल्या वेळी परीक्षकांनी मान्य केला नाही; त्यात बदल करण्यास सुचवले. लंडनमध्ये बसून ते काम करण्याइतके पैसे उरले नव्हते. १९२३ च्या एप्रिलमध्ये आंबेडकर मुंबईस परतले, तेथून सुधारलेला प्रबंध पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.ची कथा याहून बोलकी आहे. त्या विद्यापीठाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याखेरीज पदवी मिळत नसे. ज्या प्रबंधावर ती पदवी अखेर दिली गेली, तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेविषयीचा ग्रंथ, १९२५ मध्ये छापून निघाला आणि पदवी १९२७ मध्ये प्रदान झाली. न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी! विद्वत्ता सिद्ध होऊनही तिचे प्रमाणपत्र छपाईच्या बिलासाठी अडून राहावे, असा हा प्रकार.

आता साहित्याच्या अभ्यासकाला हक्काची वाटेल अशी एक जागा पाहू. ग्रंथाची अर्पणपत्रिका आपण सहसा उलटून पुढे जातो. आंबेडकरांच्या तीन ग्रंथांच्या अर्पणपत्रिका शेजारी ठेवल्या, तर त्यांत हा सारा जमाखर्च सापडतो. १९२३ चा रुपयावरील ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. मुलाला हवे ते पुस्तक घेण्यासाठी पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात आणि त्यांचा एखादा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत, ही हकीकत चरित्रांत आहे. तेव्हा या पहिल्या अर्पणपत्रिकेत त्या बहिणींच्या दागिन्यांचीही मूक नोंद आहे असे म्हणावयास हवे. १९२५ चा ग्रंथ शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. दहा वर्षांच्या नोकरीची अट पुरी न झाल्याने शिष्यवृत्तीच्या रकमेची मागणी बडोदे संस्थानाच्या कचेरीकडून पुढे कित्येक वर्षे होत राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे या अर्पणपत्रिकेचे मोल वाढते. कचेरीचे देणे आणि राजाचे ऋण यांत लेखकाने गल्लत केली नाही.

तिसरी अर्पणपत्रिका सर्वांत उशिरा आली. १९४० च्या दशकातील पाकिस्तानविषयक ग्रंथ 'रामू'च्या, म्हणजे पत्नी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. मित्र नव्हते आणि विवंचना होत्या, अशा दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याची तिची जी तयारी होती, तिचा उल्लेख त्या मजकुरात आहे. रमाबाई १९३५ मध्येच गेल्या होत्या. पती लंडनला असताना परळच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी कसे दिवस काढले, शेणी थापून व विकून घर कसे चालवले, हे त्या काळच्या आठवणी सांगणाऱ्यांनी सांगितले आहे. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. लंडनमधील पापडांविषयी आपण जितके लिहिले, तितके परळच्या चुलीविषयी लिहिले नाही. वस्तुतः हे दोन्ही एकाच वहीचे दोन रकाने आहेत. लंडनमध्ये वाचनाचा जो तास मिळाला, तो परळमध्ये कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेला होता.

हे केवळ एकाच घरापुरते खरे नाही. विलायतेला जाण्याचे ठरत असताना खर्चासाठी पत्नीचे दागिने, दोन-तीन हजार रुपयांचे, मोडता येतील, असे तरुण गांधींनी सुचवले होते; कस्तुरबा तान्ह्या मुलाला घेऊन मागे राहिल्या. जयप्रकाशांची अमेरिकेतील वर्षे प्रभावतीदेवींनी गांधीजींच्या आश्रमात काढली. परदेशी विद्येचा इतिहास लिहिताना जहाजावर चढलेल्यांची नावे आपण मोजतो. बंदरावर राहिलेल्यांची नावे क्वचित अर्पणपत्रिकेत सापडतात, बहुधा तेथेही नाहीत.

आज ही वाट शेकडो पटींनी रुंदावली आहे. बँका घर किंवा जमीन तारण घेऊन शिक्षणासाठी कर्ज देतात. लंडन-न्यूयॉर्कच्या खोल्यांची भाडी घरच्यांना रुपयांत सांगण्याचे धाडस मुलांना होत नाही. भाव घसरला की हप्ता वाढतो. १९२१ च्या विद्यार्थ्याला हे सारे ओळखीचे वाटले असते. अशा मुलामुलींना आपण जेव्हा बाबासाहेबांच्या पापडांची गोष्ट सांगतो, तेव्हा तिचा सूर 'त्यांनी सोसले, तुम्हीही सोसा' असा होण्याचा धोका असतो. स्वतः बाबासाहेबांनी मात्र या अनुभवातून काढलेला निष्कर्ष तसा नव्हता. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले आणि त्यात देशातील व परदेशांतील उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. पुढे या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी सरकारी खर्चाने परदेशी गेलेही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली.

ज्याने स्वतः उपाशीपोटी अभ्यास केला होता, त्याने पुढच्या पिढीसाठी उपास मागितला नाही. त्याने अर्थसंकल्पात एक ओळ मागितली. किंग हेन्रीज रोडवरील घर पाहून बाहेर पडणाऱ्याने त्या विद्यार्थ्याच्या भुकेची आठवण ठेवावी हे योग्यच आहे. पण भिंतीवरची निळी पाटी वाचून झाली की त्या ओळीत या वर्षी किती रक्कम आहे आणि ती विद्यार्थ्याच्या हाती केव्हा पोहोचते, हेही त्याने विचारावे.